अ‍ॅम्प कुठे ठेवावा: बँडमधल्या आवाजाचा आढावा

बँडमध्ये आवाजाची पातळी ठरवतो तो ड्रमवाला. गिटार, बेस गिटार, कीबोर्ड, माइक या सगळ्यांना आवाज कमी-जास्त करायची सोय असते, ड्रमला नसते. काठीने स्नेअरवर मारलेला साधा ठोका एक मीटरवर सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो, आणि फार हलक्या हाताने वाजवला तर त्या वाद्याचा कसच उतरतो. म्हणून बाकीचे वादक ड्रमच्या बरोबरीने येण्यासाठी आपापले नॉब फिरवतात. गायकाला मात्र तेवढी मुभा नसते, कारण त्याचा माइक एका मर्यादेपलीकडे वाढवला की शिट्टी मारू लागतो. खाली ड्रमचा तळ आणि वर माइकचे छत, या दोहोंमध्ये जी थोडीशी जागा उरते तिच्यात पूर्ण बँडला बसायचे असते. ही जागा नॉबने वाढत नाही. स्पीकर कुठे ठेवला आणि कोणाकडे वळवला यावर ती वाढते. ‘माझा आवाज ऐकू येत नाही’ ही बँडमधली सर्वांत जुनी तक्रार आहे आणि बहुतेक वेळा ती तक्रार जागेची असते, आवाजाची नसते.

नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वस्तीत हा प्रश्न आणखी आवळत जातो. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत पसरलेला हा भाग मुख्यतः राहण्याचा: बंगले, रो-हाउस आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या सोसायट्या. इथे तालीम म्हणजे घरातली एखादी खोली, गच्चीवरची शेड किंवा इमारतीचे पार्किंग. आणि कार्यक्रम म्हणजे सोसायटीचा गणपती, कोजागरी, लग्नाचे लॉन्स, फार तर शहरातले एखादे सभागृह. मोठ्या रंगमंचासाठी लिहिलेल्या पुस्तकांतले सल्ले या जागांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तत्त्वे तीच, पण अंतरे फुटांत मोजावी लागतात.

वॅट आणि डेसिबल

पन्नास वॅटचा अ‍ॅम्प देऊन शंभर वॅटचा आणला की आवाज दुप्पट होतो, हा समज बाजारात फार उपयोगी पडतो, विशेषतः विकणाऱ्याला. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केल्याने आवाजात ३ डेसिबलची भर पडते; कान ती जेमतेम ओळखतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे वॅट दहापट. शिवाय गिटारसाठी बनवलेले बारा इंची स्पीकर फार कार्यक्षम असतात: एका वॅटवर एक मीटर अंतरावर त्यांतले बरेचसे ९७ ते १०० डेसिबल देतात. दहा बाय बाराच्या खोलीत एक वॅटही पुरून उरतो, असा याचा सरळ अर्थ. मोठ्या वॅटचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. बेस गिटार आणि कीबोर्डचा खर्ज स्वच्छ, न फाटता यायला राखीव ताकद लागते. म्हणून बेसचा अ‍ॅम्प गिटारपेक्षा कितीतरी पट मोठा असणे योग्यच असते. व्हॉल्व्हचा शंभर वॅटचा गिटार अ‍ॅम्प मात्र घरात नॉब एकच्या पुढे जात नाही, आणि ज्या रसरशीत आवाजासाठी तो घेतला तो आवाज नॉब पाच-सहाच्या पुढेच सापडतो.

शंभर वॅटचे हे अ‍ॅम्प आले कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात बँड मैदानांत वाजवू लागले तेव्हा प्रेक्षकांपर्यंत वाद्य पोहोचवायला अ‍ॅम्पशिवाय साधनच नव्हते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सने पन्नास हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवले ते व्हॉक्स कंपनीने खास बनवलेल्या शंभर वॅटच्या अ‍ॅम्पवर, आणि गाणे पोहोचले ते स्टेडियमच्या घोषणा-व्यवस्थेतून. किंचाळणाऱ्या गर्दीपुढे ना वाद्ये ऐकू आली ना गाणे. पुढे वाद्यापुढे माइक लावून सगळे मिक्सरमधून मुख्य स्पीकरला देण्याची पद्धत रूढ झाली आणि अ‍ॅम्पचे काम वादकाला स्वतःचा आवाज ऐकवण्यापुरते उरले. काम संपले तरी आकाराचा मोह काही संपला नाही.

अंतराचे गणित मात्र कोणालाच चुकत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १०० असेल तर दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२, सोळावर ७६, बत्तीसवर ७०. हा हिशेब दोन्ही बाजूंनी कामाचा आहे. अ‍ॅम्पपासून एक मीटरवर उभा असलेला गिटारवादक आणि चार मीटरवरचा ड्रमवाला यांच्या कानांत १२ डेसिबलचा फरक असतो. एकाला जो आवाज कर्कश तो दुसऱ्याला गायब. बंद खोलीत हा उतार असा सरळ राहत नाही, कारण भिंतींवरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि काही अंतरानंतर आवाज उतरायचाच थांबतो. फरशी, गुळगुळीत गिलावा आणि काचेच्या खिडक्या असलेल्या आपल्याकडच्या खोल्यांत ही सीमा फार जवळ, बऱ्याचदा एक-दीड मीटरवरच येते.

गिटारचा अ‍ॅम्प: पोटरीला ऐकू येणारा आवाज

घोडे पेंड खाते ते इथे. गिटारचा अ‍ॅम्प बहुधा जमिनीवर, वादकाच्या मागे, हातभर अंतरावर असतो. बारा इंची शंकूतून खालचे स्वर सगळीकडे पसरतात, पण दोन-तीन हजार हर्ट्झच्या वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात, कारण तिथे आवाजाच्या लहरीची लांबी शंकूच्या व्यासापेक्षा लहान होते; ३००० हर्ट्झला ती जेमतेम ११ सेंटिमीटर असते. तो झोत वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतो. कानापर्यंत पोहोचतो तो बाजूला पसरलेला मंद, घोगरा भाग. आवाज बोथट वाटतो म्हणून वादक ट्रेबल वाढवतो, मग आवाज वाढवतो. आणि समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या, ज्याचे कान नेमके झोताच्या उंचीवर आहेत, त्याच्या डोक्यात सुई टोचावी तसे ते गिटार शिरते. साउंडवाला गिटारचा फेडर पूर्ण खाली ओढतो तरी गिटार कमी होत नाही, कारण ते मुख्य स्पीकरमधून येतच नसते.

यावरचा उपाय फुकट आहे. अ‍ॅम्प मागे कलता करावा, म्हणजे झोत वादकाच्या चेहऱ्याकडे जाईल. किंवा खुर्चीवर, पेटीवर चढवावा. जमिनीपासून उचलल्यावर जमिनीच्या आधाराने फुगलेला खर्जही उतरतो आणि गिटार बेसच्या वाटेतून बाजूला होते. जागा असेल तर वादकाने अ‍ॅम्पपासून दोन-अडीच मीटर दूर उभे राहावे. लहान रंगमंचावर याहून चांगली युक्ती म्हणजे अ‍ॅम्प मागे न ठेवता बाजूच्या विंगेत, रंगमंचाला आडवा, किंवा मॉनिटरसारखा, म्हणजे वादकालाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरसारखा, पुढून वादकाकडे तोंड करून ठेवणे. मग झोत प्रेक्षकांकडे जातच नाही. दोन गिटार असतील तर दोन अ‍ॅम्प समोरासमोर आडवे ठेवले की दोघांना एकमेकांचे वाजवणे ऐकू येते, आणि ‘तू आधी कमी कर’ हा संवाद निम्म्याने घटतो.

ही जागाबदल केल्यावर बहुतेक वादक स्वतःहून आवाज उतरवतात. आधी नॉब उतरवायला सांगितले तर ऐकत नाहीत.

खर्ज आणि खोली

बेस गिटारची गोष्ट उलटी. तिच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झ. त्याच्या लहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक. एवढ्या लांब लहरीला दिशा नसते, स्पीकर कुठेही वळवला तरी ती सगळीकडे जाते. पण जागेचा तिच्यावर फार परिणाम होतो. भिंतीला टेकलेला अ‍ॅम्प खर्जात काही डेसिबल फुकट मिळवतो. कोपऱ्यात ठेवला तर आणखी. ताकद कमी पडते तिथे ही कमाई वाटेल. तालमीच्या खोलीत ती आपत्ती ठरते.

दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज उभा राहतो, बारा फुटांमध्ये ४७ ला. बेसच्या दुसऱ्या जाड तारेचा, ‘ए’ चा, मोकळा स्वर ५५ हर्ट्झ आहे. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत नेमका तोच स्वर घुमणार. छतही दहा फुटांवर असेल तर दुप्पट घुमणार. चार स्वर नीट वाजतात आणि पाचव्याला खिडकीची काच थरथरते, याचे कारण वादकाच्या हातात नसते. त्यातही गंमत अशी की हा घुमारा भिंतीपाशी आणि कोपऱ्यांत सर्वाधिक असतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. वादक मध्यावर उभा असेल तर त्याला तो स्वर ऐकूच येत नाही. तो आवाज वाढवतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये भिंतीला उशी लावून झोपलेल्या माणसाला मात्र फक्त तोच एक स्वर ऐकू येत राहतो. अशा वेळी आवाजाच्या नॉबला हात न लावता वादकाने दोन फूट सरकून पाहावे, अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून आखूड भिंतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणावा, आणि इक्वलायझरवर तो एकच पट्टा खाली घ्यावा.

खर्ज भिंतीतून जातो तसाच स्लॅबमधूनही जातो. अ‍ॅम्पखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा घातला तर जमिनीत थेट उतरणारा कंप कमी होतो. हवेतून जाणारा होत नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची प्रथा अजून टिकून आहे. त्यांनी खोलीतला वरच्या पट्टीचा खणखणाट थोडा मऊ होतो, पण आवाज बाहेर जायचा थांबत नाही, कारण आवाज अडतो तो वजनाने आणि ट्रेला वजन नाही. भिंतीचे वजन दुप्पट केले तर अडवणूक जेमतेम ५-६ डेसिबलने वाढते, आणि स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढीच घटते. म्हणून शेजाऱ्याकडे गाणे जात नाही. बेस आणि ड्रमचा पायाचा ठोका तेवढा जातो. दार-खिडक्यांच्या फटी बुजवणे हे ट्रेपेक्षा कितीतरी परिणामकारक काम, पण ते भिंतीवर दिसत नाही.

चढाओढ

दोन तासांच्या तालमीत आवाज सुरुवातीपेक्षा वर गेला नाही असा बँड विरळा. एकाने सोलोसाठी वाढवले, सोलो संपल्यावर उतरवले नाही. दुसऱ्याने त्याच्या बरोबरीला वाढवले. ड्रमवाल्याने जोर लावला. कान थकून बधिर होत जातात, त्यामुळे चढलेला आवाज चढलेला वाटतही नाही. त्यात कानाची स्वतःची एक खोड आहे, ती फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवली: हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते वर येतात. घरी एकट्याने हळू आवाजात वाजवताना वादक बेस आणि ट्रेबल वाढवून मधले स्वर उतरवतो, कारण तसे भरदार वाटते. तीच मांडणी बँडमध्ये मोठ्याने वाजवली की खर्ज बेस गिटारमध्ये बुडतो, वरचा भाग झांजांमध्ये विरतो, आणि गिटार ज्या मधल्या पट्ट्यात ऐकू यायचे तो पट्टा आधीच कापलेला असतो. वादक आवाज वाढवतो. खरे तर त्याने मधले स्वर थोडे वाढवले असते तर आवाज उतरवूनही तो ऐकू आला असता.

वाद्यांनी एकमेकांची जागा सोडणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय. मराठी वाद्यवृंदांत कीबोर्डवादकाचा डावा हात खर्जात मोकाट फिरतो, शेजारी बेस गिटार तेच स्वर वाजवते, वर ढोलकीचा धुमाही तिथेच. तिघांपैकी एकाने हात उचलला तर साउंडवाल्याचे निम्मे काम होते. गिटार आणि गायकाचा शब्द हे दोघे मधल्या पट्ट्यात भांडतात, आणि तिथे वाट सोडायची ती गिटारने. श्रोते शब्द ऐकायला आलेले असतात.

ड्रमच्या नैसर्गिक आवाजातून सुटण्यासाठी ऑर्केस्ट्रावाल्यांनी फार पूर्वीच एक मार्ग काढला: ऑक्टोपॅड. रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड आणला आणि १९९८ मध्ये एसपीडी-२०. हा दुसरा आपल्याकडे गावोगावच्या वाद्यवृंदांत दिसतो. तो इतका रुजण्यामागे निरनिराळे ठेके एका यंत्रात मिळतात हे कारण आहेच, पण तालवाद्याला प्रथमच नॉब मिळाला हे कारणही तितकेच मोठे. नॉब मिळाल्यावर रंगमंचावरचा तळ खाली उतरला आणि गायकाला जागा मिळाली. बॅन्जो पार्टीची दिशा याच्या उलट आहे. तिच्यातला बॅन्जो म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचा मूळ आवाज अगदी नाजूक. ढोल-ताशापुढे तो उरावा म्हणून त्याला पिकअप लावून अ‍ॅम्प जोडला, मग टेम्पोवर जनरेटर आणि कर्णे चढले. नाशिक ढोलाला वीज लागत नाही; त्याच्या शेजारी वाजणाऱ्या प्रत्येकाला लागते.

माइक, मॉनिटर आणि शिट्टी

माइकने पकडलेला आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा त्याच माइकमध्ये शिरला आणि प्रत्येक फेरीत वाढत गेला की शिट्टी येते. खालच्या स्वरात झाली तर घुमते. म्हणून मुख्य स्पीकर नेहमी माइकच्या ओळीच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला असावेत. सोसायटीच्या कार्यक्रमांत मंडप लहान म्हणून ते गायकाच्या मागे भिंतीला टेकवले जातात, आणि मग संध्याकाळभर कोणीतरी मिक्सरकडे धावत असतो. याला जगात एक गाजलेला अपवाद आहे: १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने वादकांच्या पाठीमागे शेकडो स्पीकरची भिंत उभी केली. शिट्टी टाळण्यासाठी प्रत्येक गायकाला दोन माइक उलट जोडून दिले होते. दोहोंत सारखाच शिरणारा भिंतीचा आवाज एकमेकांना खोडून टाकायचा आणि एकाला ओठ लावून गायलेला तेवढा उरायचा. त्या वर्षानंतर त्यांनीही ती भिंत मोडीत काढली. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या ‘डॉल्बीच्या भिंती’चा तिच्याशी काही संबंध नाही, आणि डॉल्बी या कंपनीशी तर त्याहून नाही.

गायकाचा मॉनिटर कुठे ठेवायचा हे माइकवर अवलंबून असते. १९६६ पासून चालत आलेल्या शुअर एसएम ५८ सारखा हृदयाकृती माइक थेट पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी पकडतो. त्याचा मॉनिटर गायकाच्या नेमका समोर हवा. त्याहून अरुंद झोताचे माइक पाठीमागे थोडे ऐकतात, पण मागच्या दोन्ही तिरक्या बाजूंना, साधारण १२६ अंशांवर, बहिरे असतात. त्यांचा मॉनिटर थोडा बाजूला घ्यावा लागतो. माइकची जाळी मुठीत धरली की ही सगळी रचना कोलमडते, कारण दिशा ओळखण्यासाठी मागून आत येणाऱ्या हवेची वाट मुठीने बंद होते. तरुण गायकांना ती पकड दिसायला आवडते.

माइक ओठांपासून जितका जवळ तितकी मिक्सरवर कमी वाढ लागते: अंतर निम्मे केले तर ६ डेसिबल मिळतात. सुरू असलेल्या माइकची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबल जातात. चार गायक, निवेदक, तबल्याचे दोन आणि बासरीचा एक असे आठ माइक सतत उघडे ठेवले तर एका माइकच्या तुलनेत ९ डेसिबल आधीच गमावलेले असतात. निवेदकाचा माइक गाण्यात बंद ठेवणे ही क्षुल्लक वाटणारी शिस्त एखाद्या महागड्या यंत्राइतकी किंमत वसूल करते. तबला-ढोलकीच्या शेजारी गिटारचा अ‍ॅम्प ठेवणे हेही असेच: तबल्याचा माइक तबल्यापेक्षा गिटारच जास्त पकडतो, आणि मग तबला वाढवला की गिटार वाढते.

संगीत नाटकांच्या जुन्या रंगभूमीवर यातले काहीच नव्हते. ऑर्गन आणि तबला गायकाला ऐकू येतील अशा अंतरावर बसत आणि गायक नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच पोहोचे. साथीने आवाज दाबून ठेवणे हा तिथे कलेचाच भाग होता. विजेने तो ऐच्छिक केला.

सभागृह, लॉन्स आणि मोकळे मैदान

महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात खुर्च्या, पडदे आणि उतरती बैठक आवाज पिऊन घेतात. लग्नाच्या हॉलमध्ये फरशी, कोऱ्या भिंती आणि पत्र्याचे छत तो परत फेकतात. दुसऱ्या प्रकारच्या जागेत आवाज वाढवला तर शब्द अधिकच पुसट होतात, कारण थेट आवाजाबरोबर घुमाराही तेवढाच वाढतो. तिथे उपाय आहे तो स्पीकर उंचावण्याचा. स्टँडवर सात-आठ फूट चढवून किंचित खाली कलवले की आवाज लोकांच्या अंगावर पडतो, मागच्या भिंतीवर कमी जातो. पहिल्या रांगेचे कान वाचतात आणि शेवटच्या रांगेला ऐकू येते. माणसांची शरीरे मधले आणि वरचे स्वर शोषतात, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये बसवलेला आवाज भरल्या हॉलमध्ये मंद वाटतो. अनुभवी साउंडवाले तपासणीच्या वेळी आवाज थोडा कोरडा आणि चढाच ठेवतात.

खर्जाचे दोन डबे रंगमंचाच्या दोन टोकांना ठेवण्याची पद्धत दिसायला नेटकी असते. त्यांचे आवाज मधल्या पट्टीत एकत्र येऊन फुगतात आणि बाजूला काही जागी एकमेकांना खोडतात. एका खुर्चीवर छाती हादरते, चार खुर्च्या सोडून काहीच नाही. दोन्ही डबे मधोमध एकत्र ठेवले तर हा खेळ बराच थांबतो.

लांबट मैदानात मागे आणखी स्पीकर लावावे लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तीस मीटर मागच्या स्पीकरला वीज तत्काळ पोहोचते, मंचावरचा आवाज मात्र ८७ मिलिसेकंदांनी. हा फरक तसाच ठेवला तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, राजकीय सभांमध्ये येतो तसा. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा आणि वर १०-१५ मिलिसेकंद आणखी. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवल्याप्रमाणे कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो, त्यामुळे मागच्या रांगेला गाणे मंचावरूनच येत आहे असे वाटते. जुना कर्णा या हिशेबात बसत नाही. शब्द दूर फेकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण खर्ज त्याला माहीत नाही. घोषणेला उत्तम, बँडला निरुपयोगी.

हिवाळ्यातल्या नाशिकला एक जादाची अडचण आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, आणि वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. दुपारी दोनशे मीटरवर विरणारा कार्यक्रम रात्री नऊला दुसऱ्या कॉलनीत स्पष्ट ऐकू येतो. साउंडवाल्याने काहीच वाढवलेले नसते.

कायद्याची रेषा

ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम १४ फेब्रुवारी २००० पासून लागू आहेत. निवासी भागाची मर्यादा दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, ५५ डेसिबल आणि रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. लाउडस्पीकरला लेखी परवानगी हवी आणि रात्री १० नंतर उघड्यावर तो चालत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणांसाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. २०१० च्या दुरुस्तीने सार्वजनिक कार्यक्रमाच्या हद्दीवर नेहमीच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी ते, असे माप घातले. खाजगी जागेच्या हद्दीवर सवलत फक्त ५ डेसिबलची.

हे आकडे वरच्या उताराशी जोडून पाहावे. इंदिरानगरमधल्या मोकळ्या पटांगणावर बँडचा आवाज एक मीटरवर १०० डेसिबल असेल आणि हद्द सोळा मीटरवर, तर तिथे ७६ पोहोचतात. नियमाने चालतात ६५. मोजमाप काही वेळेच्या सरासरीचे असते, त्यामुळे दोन गाण्यांमधले निवेदन मदतीला येते, पण अकरा डेसिबलची दरी निवेदनाने भरत नाही. स्पीकर हद्दीकडे पाठ करून, आत वळवून, प्रेक्षकांच्या जवळ आणणे आणि एका मोठ्या जोडीऐवजी चार लहान स्पीकर वाटून ठेवणे, यानेच ती बऱ्यापैकी भरते. मोठ्या जोडीला शेवटच्या रांगेसाठी ओरडावे लागते. लहान स्पीकरला शेजारच्या दहा खुर्च्यांशी बोलायचे असते.

मुंबईच्या धोबीतलावजवळच्या रंगभवनाची कथा या नियमांचीच आहे. भारतीय रॉकचे ते घर. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव तिथे गाजला. आसपास रुग्णालये, महाविद्यालय आणि न्यायालय असल्याने ते शांतता क्षेत्रात आले आणि खुल्या रंगमंचावरचे कार्यक्रम बंद पडले. नाशिकजवळ २००८ पासून भरू लागलेला सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव शहराबाहेर द्राक्षमळ्यांत गेला तो वाइनमुळे, पण अशा बँडांना वस्तीत जागा उरली नव्हती हेही खरेच. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळण्याचे सविस्तर आदेश दिले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जनाच्या तोंडावर डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला. त्या वादात ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्यांचे म्हणणे होते की यंत्र दोषी नाही, नॉब दोषी आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. मात्र भिंत बांधून कोणी नॉब दोनवर ठेवत नाही.

वादकाचे कान

कायदा शेजाऱ्याच्या कानाची काळजी घेतो, वादकाच्या नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे मिळतात. तीन तासांची तालीम त्या पातळीवर झाली तर दिवसाचा वाटा बारा वेळा संपलेला असतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली. फोमचे साधे बोळे वरचे स्वर जास्त कापतात, त्यामुळे सगळे घोंगडीखालून ऐकल्यासारखे वाटते आणि वादक ते काढून टाकतो. वादकांसाठीचे इअरप्लग सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच उतरवतात. ड्रमवाल्याच्या डाव्या कानाजवळ झांज आणि उजव्या बाजूला बेसचा अ‍ॅम्प असेल तर निदान अ‍ॅम्प तरी हलवता येतो.

अलीकडे काही बँडांनी अ‍ॅम्पच रंगमंचावरून काढले. गिटार थेट डिजिटल यंत्रातून मिक्सरला, ड्रमऐवजी पॅड, आणि प्रत्येकाच्या कानात स्वतःचे मिश्रण, जे तो मोबाइलवरून जुळवतो. रंगमंचावर फक्त गायकाचा कच्चा आवाज आणि बोटांची टकटक ऐकू येते. शिट्टी जवळजवळ संपते, साउंडवाल्याच्या हाती सगळे येते, सोसायटीच्या कार्यक्रमात पातळी हवी तेवढी उतरवता येते. तोटाही आहे: वादकाला आपण काचेच्या पेटीत आहोत असे वाटते, टाळ्या पोहोचत नाहीत, आणि मग तो एका कानातला तुकडा काढून ठेवतो. मोकळ्या कानात हॉलचा गोंगाट शिरतो, त्याच्यावर मात करायला तो दुसऱ्या कानातला आवाज वाढवतो, आणि जी पातळी अ‍ॅम्पकडून टाळली ती कानाच्या पडद्यापासून बोटभर अंतरावर येऊन बसते. म्हणून दोन्ही कान झाकलेले ठेवून प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक वेगळा माइक मिश्रणात थोडासा सोडतात. तो मुख्य स्पीकरला मात्र कधीच द्यायचा नसतो.